काचेवर पाणी येत नाही? नवा पंप घेण्याआधी कपलरवर बल्ब लावून पाहा

गेल्या जूनमधली गोष्ट. चिपळूणहून कराडला आईकडे निघाले होते. कुंभार्ली घाट चढायला लागले आणि पाऊस सुरू झाला, तोही धड पाऊस नव्हे, नुसती भुरभुर. पुढे जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक. त्याच्या चाकांनी उडवलेली लाल राड थेट माझ्या काचेवर आली. काचेवर पाणी फवारणाऱ्या वॉशरची स्टिअरिंगजवळची दांडी ओढली. वायपर फिरले, पण पाण्याचा थेंब नाही. कोरड्या वायपरने ती राड काचभर अशी सारवली की समोरचं वळण दिसेना, आणि त्याच वळणावरून एसटी खाली उतरत होती. हॉर्नच्या आवाजाच्या अंदाजाने गाडी डावीकडे घेतली, थांबवली आणि प्यायच्या बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं. हात बराच वेळ थरथरत होते.

त्या गाडीला तोवर दोन वर्षांत दोन नवे वॉशर पंप बसवून झाले होते. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस फवारा छान आला आणि मग पुन्हा बंद. तिसरा पंप आणायला निघाले, तेव्हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका वयस्कर काकांनी अडवलं. म्हणाले, "ताई, पंप राहू द्या. आधी कपलरला बल्ब लावून बघा." कपलर म्हणजे वायरी पंपाला जिथे जोडतात तो प्लॅस्टिकचा जोड. दहा मिनिटांत दोष सापडला. पंपापर्यंत येणारी वायर आतून सडलेली होती. काढून ठेवलेले दोन्ही जुने पंप नंतर बॅटरीला जोडून पाहिले, दोन्ही व्यवस्थित चालतात.

ही तपासणी मी त्यांच्याकडून शिकून घेतली आणि नंतर ओळखीच्यांच्या पाच-सहा गाड्यांवर केली. पाऊस तोंडावर असताना वॉशर बंद पडलेली गाडी घेऊन कुणी घाटात शिरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळा क्रम सविस्तर लिहिते आहे.

हत्यारं काढण्याआधी कान लावा

टाकीत पाणी भरा. हे लिहायला नको खरं, पण टाकी रिकामी असताना पंप बिघडला म्हणून गाडी गॅरेजला नेलेले लोक मी पाहिले आहेत. पाणी भरल्यावर गाडी शांत जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवा. बहुतेक गाड्यांत चावी ऑन असल्याशिवाय वॉशरला वीजच मिळत नाही. घरातल्या कुणाला तरी दांडी ओढायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून टाकीच्या बाजूला कान लावा. टाकी बहुधा पुढच्या चाकाच्या पुढे, बंपरच्या आत असते. वर दिसतं ते फक्त तिचं झाकण.

पंपाची घरघर ऐकू आली आणि तरी काचेवर पाणी नाही, तर वीज ठीक आहे. नोझल, म्हणजे पाणी बाहेर पडतं ते बारीक तोंड, क्षाराने बुजली असेल, बॉनेटखालची पातळ नळी निसटली असेल किंवा टाकीच्या तळाशी गाळ बसला असेल. बोअरचं पाणी भरणाऱ्यांकडे हे फार होतं. नोझल बारीक सुईने मोकळी करा, नळी पाहा. हा लेख त्या दोषासाठी नाही.

घरघर येते पण दमल्यासारखी, क्षीण, तर पंपाला वीज कमी पोचते आहे किंवा पंप आतून अडकतो आहे. माझ्या गाडीत शेवटचे काही दिवस असंच होतं आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

काहीच आवाज नाही आणि वायपरही मेलेले, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. म्हणजे फ्यूज, चावीचा स्विच किंवा तिथून येणारी मुख्य वायर.

काहीच आवाज नाही, पण दांडी ओढल्यावर वायपर आपोआप दोन-तीनदा फिरतात, तर दांडीतला स्विच बहुधा चांगला आहे. वायपरला फिरायचा निरोप त्याच स्विचकडून मिळतो. घाटात माझ्या डोळ्यांसमोर नेमकं हेच घडत होतं. तेव्हा मला ते वाचता आलं नाही.

मागच्या काचेलाही वॉशर असेल तर तोही चालवून पाहा. काही हॅचबॅक गाड्यांत पुढे-मागे मिळून एकच पंप असतो आणि त्याला दोन तोंडं असतात. मोटार एका दिशेने फिरली की पाणी पुढे जातं, उलट फिरली की मागे. दिशा बदलते ती पंपाच्या दोन वायरींमधलं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटसुलट करून. अशा गाडीत मागे पाणी येतं आणि पुढे मोटारीचा आवाजच नाही, तर पंप नवा घेण्यात अर्थ नाही. मोटार चांगली आहे, पुढची दिशा देणारा स्विच किंवा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) बिघडला आहे.

काय काय लागेल

इंडिकेटरला लागतो तो १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि होल्डरला जोडलेल्या दोन लांब वायरी. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू. बाजारात एलईडीचे टेस्टर मिळतात, पण या कामाला ते चालत नाहीत. कारण पुढे येईलच. त्याशिवाय साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्लिप असलेल्या दोन वायरी (त्यातल्या एकीत १० अँपिअरचा फ्यूज बसवून घ्या), स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून जोडावर घट्ट बसणारी नळी) आणि टॉर्च. गाडीचं मालक-पुस्तकही जवळ ठेवा, फ्यूजचा नकाशा त्यातच असतो.

दोन गोष्टी आधीच सांगते. चावी ऑन असताना रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असूनही अचानक फिरू शकतो, त्यामुळे ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस त्याच्यापासून दूर ठेवा. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले की हात लावू नका. बहुतेक गाड्यांत त्या एअरबॅगच्या असतात. त्यांच्यावर बल्ब कधीही लावायचा नाही.

फ्यूज

पुस्तकात पाहून वॉशरचा फ्यूज शोधा. अनेक गाड्यांत तो वायपरसोबत सामाईक असतो. फ्यूजच्या रंगावरून त्याची क्षमता कळते: तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअर. उपसून उजेडात धरून तार तुटली आहे का ते बघता येतं, पण नजरेवर विसंबू नका. केसाएवढी भेग दिसत नाही. फ्यूज परत जागेवर बसवा, चावी ऑन करा, बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि दुसरी फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिपक्यांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज चांगला. एकीकडेच पेटला तर फ्यूज गेला. दोन्हीकडे अंधार असेल तर फ्यूजपर्यंतच वीज येत नाही.

गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. मोठा घालू नका, आणि चॉकलेटची चांदी गुंडाळून तर कधीच बसवू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो वितळला नाही तर वायर तापते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आतून, तुमच्या गुडघ्यांच्या वरून गेलेली असते.

नवा फ्यूज लगेच उडाला तर पुन्हा पुन्हा फ्यूज खर्च करत बसू नका. पंपाचा कपलर काढा आणि मग फ्यूज घाला. आता दांडी ओढूनही टिकला, तर पंप आतून जाम किंवा शॉर्ट झाला आहे. तरीही उडाला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकते आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा बल्ब जोडायचा. वायपर बंद ठेवा, त्या फ्यूजवरचं बाकी जे काही बंद करता येईल ते बंद करा, चावी ऑन करा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वायरीला इजा होत नाही. मग वायरींचा जुडगा टप्प्याटप्प्याने हलवत जा. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो किंवा फडफडतो, तिथे दोष आहे. बंपरच्या कोपऱ्याचा पत्रा, हेडलाइटच्या मागची धार आणि उंदीर, या तिन्हींकडे आधी बघा. पाऊस पडायला लागला की उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते. अर्धवट कुरतडलेली वायर आणि लेंड्या एकत्र दिसल्या तर वेगळा पुरावा नको.

पंपापर्यंत पोचणं

पुढचं चाक पूर्ण एका बाजूला वळवा. चाकाच्या कमानीत काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्याला गॅरेजवाले लायनर म्हणतात. त्याच्या पुढच्या भागातल्या तीन-चार क्लिपा आणि स्क्रू काढले की लायनर वाकवून आत हात जातो. बऱ्याच गाड्यांत जॅकची गरज पडत नाही. जॅक लावायचाच असेल तर नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका, खाली भक्कम आधार द्या.

टाकीच्या तळाजवळ उभा, अंगठ्यापेक्षा थोडा जाड पंप दिसेल. त्याला एक नळी आणि दोन वायरींचा कपलर असतो. खटका दाबून कपलर सोडवा, वायरी धरून ओढू नका. आता त्याच्या आत टॉर्च मारून नीट बघा. पितळी भांड्यात ताक कळकल्यावर जसा हिरवा थर धरतो, तसा थर पिनांवर दिसला तर तुम्ही दोषाच्या अगदी जवळ आहात.

कोकणातल्या गाड्यांत हा हिरवा थर इतक्या वेळा दिसतो की त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पंप टाकीत ज्या रबरी बुचात बसतो, ते बूच जुनं झालं की पाणी थेंबथेंब झिरपतं आणि ओघळत कपलरवर येतं. वर खारी हवा असतेच. माझ्या गाडीसारख्या अनेक गाड्यांत दांडीचा स्विच अर्थच्या, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाते त्या, बाजूला असतो. म्हणजे चावी ऑन आहे तोवर पंपाच्या पॉझिटिव्ह वायरीत सतत १२ व्होल्ट उभे असतात, पंप चालो न चालो. ओल्या कपलरमध्ये सतत पॉझिटिव्ह असलेलं तांबं झपाट्याने विरघळतं. त्यातून वायरीच्या तारा बारीक बारीक पेडांच्या असल्याने ओल पेडांमधून वर चढते, आणि आवरण बाहेरून ठणठणीत दिसत असताना आत पाच-सहा इंचांपर्यंत हिरवी पूड झालेली असते.

नवा पंप लावल्यावर माझी गाडी काही दिवस का चालायची, तेही इथेच कळतं. कपलर काढून लावताना सडलेले पेड हलायचे, पिना खरवडल्या जायच्या आणि तात्पुरता संपर्क जुळायचा. बसवणाऱ्याला वाटायचं पंपच गेला होता, मलाही तेच वाटायचं.

कपलरवर बल्ब

सगळ्या तपासणीतली ही पायरी मी कधीच गाळत नाही. कपलर पंपापासून सुटा ठेवा. बल्बच्या दोन वायरी कपलरच्या दोन पिनांना लावा, बॉडीला किंवा बॅटरीला कुठेही जोडू नका. चावी ऑन, आणि आत बसलेल्याला दांडी ओढायला सांगा. असा दोन पिनांमध्ये लावलेला बल्ब स्विच पॉझिटिव्ह बाजूला असो, अर्थ बाजूला असो किंवा दिशा उलटणारा पंप असो, सगळ्या गाड्यांत सारखंच उत्तर देतो. आता पंपाच्या जागी बल्ब आहे आणि पंपाला जे मिळायचं तेच त्याला मिळतं.

इथे मीटरऐवजी बल्ब का, हे समजून घ्या. डिजिटल मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. नळाला तोटी लावून बंद ठेवली तर चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण भरतो, आणि तोटी सोडली की धार करंगळीएवढी येते. मीटर तो बंद तोटीचा दाब दाखवतो. माझ्या कपलरवर मीटर चांगले १२.२ व्होल्ट दाखवत होता आणि तो आकडा पाहूनच दोन्ही वेळा "वीज येते आहे, पंप गेला" असा निकाल लागला होता. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. पंप चालताना साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो. वायर तेवढं देऊ शकत नसेल तर बल्ब लगेच सांगतो. एलईडीचा टेस्टर मात्र सडलेल्या वायरीवरही मजेत पेटतो, म्हणून तो नको.

बल्ब लख्ख पेटला, तर फ्यूज, स्विच, वायर, अर्थ सगळं चांगलं आहे आणि आता खुशाल पंपावर संशय घ्या. फ्यूज लावलेल्या क्लिपवाल्या वायरींनी पंपाला थेट बॅटरीवरून वीज द्या. टाकीत पाणी असू द्या, कारण पंपाच्या आतली सील पाण्यावरच ओली आणि थंड राहते, कोरडा चालवला की झिजतो. वायरी उलट लागल्या तर साधा एकतोंडी पंप फिरतो पण धार मरतुकडी येते, तेव्हा दोन्ही बाजूंनी लावून पाहा. तरीही गप्प असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच दोन-तीन टकटक करा. टकटकीने सुरू झाला तर आतले कार्बन ब्रश अडकताहेत. आज चालेल, पण लवकरच बंद पडेल, बदलून टाका. मीटरवर पंपाचा रोध मोजला तर चांगल्या पंपात मोजके काही ओहम दिसतात. मीटर 'ओएल', म्हणजे मापाबाहेर, दाखवत असेल तर आत तार किंवा ब्रश तुटला आहे.

बल्ब मंद पेटला किंवा नुसता लाल निखाऱ्यासारखा झाला, तर वाटेत कुठेतरी व्होल्ट खाल्ले जात आहेत. अजिबात पेटला नाही तर वाट पूर्ण तुटली आहे. या दोन्हींचा शोध पुढे.

अंधार असेल तर कुठली बाजू?

बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. चावी ऑन करून दुसरी वायर कपलरच्या दोन्ही पिनांना एकेक करून लावा, आधी दांडी न ओढता, मग दांडी ओढून. कुठेच पेटला नाही तर पॉझिटिव्ह येत नाही. फ्यूज चांगला असेल, तर फ्यूज ते कपलर ही वायर, किंवा वाटेतला स्विच, रिले. दांडी न ओढताच एका पिनेवर पेटला तर तुमच्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूला आहे. फक्त ओढल्यावर पेटला तर स्विच पॉझिटिव्ह बाजूला.

आता उलट करा. बल्बची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी, ज्या पिनेवर पॉझिटिव्ह मिळालं नाही त्या पिनेला. स्विच पॉझिटिव्ह बाजूला असेल तर इथे बल्ब कायम पेटायला हवा. स्विच अर्थ बाजूला असेल तर दांडी ओढल्यावर पेटायला हवा. नाही पेटला तर अर्थची वाट तुटलेली आहे. बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट बसवलेला असतो तो शोधा, काढा, गंज घासून पत्रा चकचकीत करा आणि आवळून बसवा. वरून थोडं व्हॅसलिन लावा.

मंद असेल तर व्होल्ट मोजत मागे चला

आता मीटर कामाला येतो. बल्ब कपलरवर लावलेलाच ठेवा आणि दांडी ओढून धरायला सांगा. बल्ब करंट ओढत असतानाच मोजायचं, नाहीतर आकडे पुन्हा फसवतील.

माझ्या गाडीचे आकडे वहीत टिपून ठेवले आहेत. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांवर फक्त २.६. म्हणजे ९.६ व्होल्ट वाटेत हरवत होते. मग मीटरची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी कपलरच्या पॉझिटिव्ह पिनेला लावली: ९.५. नंतर कपलरच्या दुसऱ्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं: ०.१. अर्थची बाजू आणि दांडीचा स्विच निर्दोष सुटले, सगळी चोरी पॉझिटिव्ह वायरीत होती.

पुढे लाल वायर बॅटरीवरच ठेवून काळी मागे मागे नेली. फ्यूजच्या बाहेर पडणाऱ्या टोकावर ०.१५ व्होल्ट, म्हणजे तिथपर्यंत ठीक. मग कपलरपासून वीतभर अलीकडे वायरीच्या आवरणात बारीक टाचणी टोचली आणि तिथे मोजलं: ०.२. तिथपर्यंतही ठीक. म्हणजे जवळजवळ ९.३ व्होल्ट त्या शेवटच्या वीतभर तुकड्यात जात होते. आवरण सोललं. आत तांब्याचा रंगच नव्हता, हिरवी-काळी माती होती आणि दोन-तीन पेड कसेबसे धरून होते. काकांनी ती बोटांत घेऊन वाकवली तशी मोडली.

चांगल्या वायरिंगमध्ये बल्ब चालू असताना पॉझिटिव्ह बाजूचा एकूण तोटा साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत आणि अर्थ बाजूचा ०.२ च्या आसपास असावा. स्विच ज्या बाजूला असेल तिथे किंचित जास्त चालतो. एखाद्या जागी एकदम मोठी उडी दिसली की थांबा, दोष त्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे. टाचणीने टोचलेली जागा तशीच सोडू नका. नेलपॉलिशचा थेंब लावून बुजवा, नाहीतर पुढच्या पावसात तिथूनच सडायला सुरुवात होईल.

दांडीचा स्विच आणि त्यापुढचं

स्विचवर संशय असेल आणि तो अर्थ बाजूला असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. कपलर पंपाला जोडा. स्विचकडे जाणाऱ्या वायरीच्या पिनेला मागून बारीक टोक घालून ती बल्बमधून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. दांडी न ओढता बल्ब पेटला आणि पंप थोडा घुरघुरला, तर पंपापर्यंत सगळं ठीक, स्विच किंवा त्याचा अर्थ बिघडला. सरळ वायरीऐवजी बल्बमधून जोडायचं कारण, वायर चुकीची निवडली तरी काही जळत नाही.

स्विच स्टिअरिंगच्या मागे, एअरबॅगच्या शेजारी असतो. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत आवरण काढून संपर्क स्वच्छ करायचा फवारा मारता येतो. अनेकदा तेवढ्यानेही काम होतं. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंग उघडण्याचं काम मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही जाणकाराकडेच द्या.

रिले असेल तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, समजा हॉर्नचा, अदलाबदल करून पाहा. अलीकडच्या गाड्यांत मात्र दांडी थेट वीज सोडत नाही, नुसता संदेश बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या गाडीतल्या छोट्या संगणकाला देते आणि तो पंप चालवतो. तिथे कपलरवर बल्ब पेटत नाही, फ्यूज आणि अर्थ ठीक आहेत, एवढं सिद्ध करून गॅरेजला जा. स्कॅनरवरून पंप चालवण्याची आज्ञा देता येते. आज्ञेने पंप चालला तर दांडीची बाजू दोषी, नाही चालला तर मॉड्यूल किंवा वायर. एवढं लिहून दिलंत तरी तिथला अर्धा दिवस आणि बरेच पैसे वाचतात.

दुरुस्ती

सडलेली वायर तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जा. अर्धवट हिरव्या पेडांना जोड मारला तर महिन्याभरात परत तेच. कमी पडलेली लांबी तेवढ्याच जाडीच्या गाडीच्या वायरीने भरून काढा, घरच्या फिटिंगची कडक एकतारी वायर वापरू नका, कंपनाने मोडते. दोन्ही वायरींचे जोड समोरासमोर घेऊ नका, एक पुढे एक मागे घ्या. सोल्डर करा किंवा नीट दाबून क्रिंप करा आणि आतून डिंक असलेली हीट श्रिंक चढवा. नुसती काळी टेप पावसाळ्यात सुटते. कपलरच्या पिना कळकलेल्या असतील तर कपलर नवाच लावा, वायरींच्या शेपटीसकट तयार मिळतो.

बसवताना वायरीला कपलरच्या खाली थोडा झोळ पडेल अशी बांधा. मग पाणी ओघळून झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, कपलरमध्ये शिरत नाही. आणि ते रबरी बूच बदला. मूळ दुखणं तेच होतं. काही रुपयांची वस्तू आहे. बसवताना तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाच्या पाण्याने ओलं करून दाबलं की पंप सहज आत बसतो.

सगळं जोडल्यावर टाकी भरा, आणि पंप चालू असतानाच कपलरच्या मागून मीटरची टोकं घालून व्होल्ट मोजा. माझ्या गाडीत आता बॅटरीवर १२.१ असताना पंपावर ११.६ मिळतात आणि फवारा छताच्या कडेपर्यंत जातो. लायनर लगेच लावू नका. रात्री पंपाच्या खाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असला की मगच क्लिपा बसवा.